पशाची हिरवी बाटली

माझा धाकटा भाऊ प्रशांत गेला, त्याला आता सात आठवडे झाले. डेंग्यूचं निमित्त झालं. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी जालन्यात मस्तगड भागातल्या आमच्या दुकानात साडीची घडी घालत होते, आणि फोन ठेवल्यावर ती घडी मी पूर्ण केली... असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही. घरी आम्ही त्याला पशा म्हणायचो. जालन्यातल्या एका हॉटेलात तो बारच्या काउंटरवर पेयं बनवायचा. आमच्या घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं बोललं नाही, म्हणून आधीच लिहून टाकते.

लहानपणी गावी, केदारखेड्याला, आमच्याकडे टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम होता. त्यातला शिपाई मरायला टेकला की एक हिरवी बाटली प्यायचा आणि टुणकन उभा राहायचा. मी राक्षस मारण्यात गुंग, आणि पशाला भलताच घोर, "ताई, त्या बाटलीत काय असंल गं?" पुढे पुण्यात काम शिकून तो जालन्याला परतला, तो ही बाटली स्वतः बनवायची असं ठरवूनच. जिन, आमच्या भागातल्या मोसंबीचा रस, काळं मीठ आणि हिरव्या रंगासाठी वाटून गाळलेली कोथिंबीर. विकतचा रंग घालायचा नाही म्हणजे नाही. "मंग फोडणी पण दे," मी म्हणायचे. दर सोमवारी सुट्टीच्या दिवशी तो बिनजिनचा नमुना बाटलीत भरून दुकानात आणायचा. वर्षभर मी चाखला, आणि दर वेळी तो कडू लागला. पशाने कोथिंबिरीवर संशय घेतला, मिठावर घेतला, एकदा तर माझ्या जिभेवर घेतला. पण सोमवार चुकवला नाही.

उत्तर आमच्या वडिलांकडे होतं, आणि अण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांच्या गळ्यात माळ, सगळी हयात मोसंबीच्या बागेत गेलेली. पोरगा दारू ओततो हे कळल्यावर त्यांनी अबोला धरला, आणि पशानेही गावाकडे फिरकणं सोडलं. खाण तशी माती. शेवटी मीच गावी गेले आणि सहज आठवल्यासारखं विचारलं, मोसंबीचा रस कडू का होतो? अण्णांनी पाणी पुढच्या झाडाच्या आळ्यात वळवलं.

"त्याला सांग, रस काढून ठिवायचा न्हाई. ठिवला की कडू व्हतोच. गिऱ्हाईक बसल्यावर पिळायचा, अन् बी चिरडू द्यायची न्हाई."

मी कुणाचं नावही घेतलं नव्हतं. पुढच्या सोमवारी पशाने मोसंब्याच दुकानात आणल्या आणि माझ्यासमोर पिळल्या. तो पेला मी एका दमात संपवला. हॉटेलने ते पेय यादीत घेतलं. "अण्णाला आणती का एकदा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'चा मला आजही राग येतो.

म्हणून चौदावा झाल्यावर मी हट्टाला पेटले. दर रविवारी केदारखेडा गाठायचं आणि एकच सांगायचं, तो उभा राहायचा ती जागा तुम्ही बघायची. "माळ हाय गळ्यात," अण्णा म्हणायचे. "नुसतं बघा म्हणतेय, प्या म्हणत न्हाई," मी म्हणायचे. चौथ्या रविवारी गेले, तर अण्णा टोपी घालून ओट्यावर बसलेले, शेजारी मोसंबीची पिशवी. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

दुपारची वेळ, बार रिकामा होता. अण्णा उंच खुर्चीवर अवघडून बसले. काउंटरमागे पशाचा कामातला जोडीदार सलीम होता. "चाचा, उसका वाला बनाता हूं, बिनदारूचा," असं म्हणत त्याने फ्रिजमधून रसाचा जग काढला.

"हे कवाचं?" अण्णांनी विचारलं.

"सकाळचंच हाय चाचा, बिलकुल ताजं."

अण्णा खुर्चीवरून उतरले. ज्या काउंटरचं नाव त्यांनी घरात काढू दिलं नव्हतं, त्याला वळसा घालून आत गेले आणि अख्खा जग बेसिनमध्ये ओतून दिला. हात धुतले, सुरी मागून घेतली, पिशवीतली एक मोसंबी मधोमध कापली. मग सलीमकडे न बघताच म्हणाले, "हं, सांग आता. ह्याच्यापुढं माझा पशा काय करायचा?"