शेळीचा शब्बाथ

चहा निवांत घ्या. मी ज्या चहाचा किस्सा सांगणार आहे, तो मिळावा म्हणून पाहुण्याला स्वतः शेळीची धार काढावी लागली होती. आणि पाहुणा कोण? माझ्या मुलीचा होणारा सासरा. हे सगळं माझ्यामुळे झालं, ते आधीच कबूल करून टाकते.

तेव्हा आम्ही सोलापुरात गिरणीच्या मागच्या बाजूला राहत होतो. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर. शांतासाठी बार्शीचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपाउंडर, घरात तो आणि त्याचे वडील दाविदराव, बस्स. मुलाने शांताला एका लग्नात पाहिलं होतं. आता फक्त वडिलांची पसंती उरली होती, त्यासाठी ते येत्या रविवारी यायचे होते. स्थळ आणलं होतं यांच्या मार्थाआत्यांनी. मी त्यांना विचारलं, "माणसं कशी आहेत?"

"लई चांगली हायती की," आत्या म्हणाल्या. "रविवारी त्यांच्या घरात चूल पेटत न्हाय बघ."

झालं. एवढं एक वाक्य मी पदराला बांधलं.

रविवारी चूल पेटत नाही म्हणजे शब्बाथ, देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस, पाळणारं घर. आणि आमच्याकडे? उपासनेहून आले की मी मटण शिजत घालायची. असली विहीण त्यांना कशी चालेल? शांताची एक सोयरीक आधीच मोडली होती. हीही मोडली असती तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं?

मी चष्मा लावला आणि बायबल उघडून दहा आज्ञांतली चौथी नीट वाचली. आपण काम करायचं नाही, मुलाबाळांनी नाही, नोकरांनी नाही, गुराढोरांनी नाही, दारातल्या परक्यानेसुद्धा नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा यादी लांब होती.

"अगं, आपण आता नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत," हे म्हणाले. "दिवसांवरून कुणी कुणाला दोष लावू नये, असं प्रेषित पौल सांगतो."

"मग दहांतली एक खोडायची? आज ही खोडाल, उद्या चोरीची खोडाल."

"बरं, पाळायचाच तर सातवा दिवस शनिवार येतो. रविवार पहिला."

"शनिवारी मी बसून राहिले, तर रविवारचं करणार कोण?"

यावर ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

शनिवारी पहाटेपासून मी राबले. पाणी भरलं, अंगण सारवलं, शेंगाची चटणी कुटली आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या. आमच्या सोलापूरची कडक भाकरी आठ दिवस टिकते. फक्त आठव्या दिवशी ती जेवढी कडक असते, तेवढीच पहिल्या दिवशीही असते.

राहिला दारातला परका. पुढच्या दोन खोल्यांत नरसम्मा आणि तिचा नवरा राहायचे, हातमागावर लुगडी विणायचे. दिवसभर खटखट चालायची. मी तिच्याकडे गेले.

"नरसम्मा, उद्या माग बंद ठेवशील?"

"का अक्का? कोण मेलं?"

"कुणी नाही गं. आमच्या देवाची आज्ञा आहे."

"तुमच्या देवाला आमचा माग कसा ठाऊक?"

मी आवाज खाली आणला. "शांताच्या लग्नासाठी," एवढंच म्हटलं.

"मग तसं सांग की. शांतासाठी दोन दिवस बंद ठेवते."

रविवारी उपासनेनंतर मार्थाआत्या दाविदरावांना घेऊन आल्या. गृहस्थ उंच, पांढऱ्या मिशा, अंगात कोट. सलाम झाला. बसता बसता त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून एक लांब श्वास घेतला.

"घर फार शांत आहे," ते म्हणाले.

"आज आमच्याकडे कुणीच काम करत नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"असं? बरं, घोटभर चहा मिळेल का?"

मला वाटलं, परीक्षा बघताहेत. मी फसणार होय? "चूल थंड आहे," मी हसून म्हटलं. ह्यांनी मान खाली घातली.

मी पानं वाढली. दाविदरावांनी भाकरीवर बोटाने टिचकी मारली. आवाज ऐकून ते जरा थबकले, मग डोळे मिटून प्रार्थना करू लागले. तेवढ्यात मागच्या अंगणातून आमची शेळी ओरडली. त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं, ती पुन्हा ओरडली. प्रत्येक वाक्याला ती असा हुंकार भरत होती की, प्रार्थना मध्येच आटोपून त्यांनी घाईने आमेन म्हटलं.

"तिला काय झालंय?"

"काही नाही. तिचा शब्बाथ आहे."

"म्हणजे?"

"कालपासून धार काढलेली नाही. आज्ञेत गुरंढोरंही आहेत ना."

दाविदराव उठले, कोट काढून ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, एक भांडं द्या. शब्बाथाला मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढावं, एवढी मुभा प्रभूने दिली आहे. ही खड्ड्यात नाही, पण हाल तेच आहेत."

आणि अंगणात जाऊन धार काढायला बसले. माग बंद म्हणून नरसम्मा रिकामीच होती. ती नवऱ्याला घेऊन बघायला आली.

"अक्का," तिने विचारलं, "ह्यांचा देव वेगळा काय?"

माझा तोल गेला. "अहो, तुमच्या घरी तर रविवारी चूलसुद्धा पेटत नाही म्हणे!"

"नाहीच पेटत," ते धार न थांबवता म्हणाले. "आमच्या स्वयंपाकीणबाईला रविवारी सुट्टी असते. आठवड्यातून एक दिवस तिनेही बसावं. शब्बाथाचा अर्थ मी एवढाच घेतो. आम्ही बापलेक शेजारच्या करीमभाईंकडे जेवतो. दर रविवारी मटण असतं." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आज येत नाही म्हणून सांगून आलो."

मार्थाआत्या माझ्या कानाशी आल्या. "मी चांगली मानसं म्हनले हुते गं. उपाशी ठिवायची मानसं न्हवं."

मला शेळीच्या जागी दाव्याला बांधलं असतं तरी चाललं असतं. सोयरीक गेली, असं समजून मी पायरीवर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच बसले होते.

शांता मात्र तिथे नव्हती. दुधाचं भांडं केव्हा उचललं कोण जाणे, नरसम्माच्या चुलीवर चहा करून ती कपबश्या घेऊन आली. दाविदरावांनी दोन कप रिचवले, भाकरीचा तुकडा चहात बुडवून पाहिला, तोही अखेर नमला.

"पोरी, आईला न विचारता केलास?"

"हो," शांता म्हणाली. "विचारलं असतं तर झालाच नसता."

दाविदरावांनी कोट चढवला आणि ह्यांच्याकडे वळले.

"मास्तर, मुलगी पसंत आहे. लोक आई बघून मुलगी करतात. आम्ही आई बघूनसुद्धा करतो आहोत."