पालीचा डॉक्टर

आमच्या घराण्यात एकच डॉक्टर झाला, आणि तो पालीचा.

आज सकाळी ते गेले.

नाना. माझ्या आज्ज्याचे धाकटे भाऊ. शाळा चौथीत सोडली. मी सातवीत सोडली, तेवढाच काय तो मी त्यांच्या पुढं.

मी इकडं कोईमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामाला. फोन आला तेव्हा भट्टी पेटलेली होती. सोडून उठता आलं नाही. काम उरकलं आणि आता लिहायला बसलोय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझा जन्म पण नव्हता. पण नानांकडून इतक्या वेळा ऐकलीय की ती खोली मला दिसते.

माण तालुक्यातलं आमचं गाव, घरात मेंढरं. नानांचा पाय एका जागी ठरायचा नाही. हॉटेल सोडलं, ट्रकवरची क्लीनरकी सोडली, वीटभट्टी सोडली. मग कराडला कॉलेजातल्या एका सरांच्या घरी कामाला निघाले.

त्यांचा बाप म्हणाला, "जा. वाड्याचं तोंड उघडं ठेवतो. चार दिसांत येशील."

वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचा. जाळीचा.

सरांकडं काचेच्या टाकीत एक जनावर होतं. अ‍ॅक्सोलॉटल. तुम्ही आता रील्समध्ये बघता तेच. पांढरं-गुलाबी, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरं. सरांनी परदेशातनं येताना थर्मासमध्ये घालून आणलेलं.

नाना म्हणायचे, पाण्यातली पाल.

उन्हाळ्यात सर दिल्लीला गेले. जाताना एवढंच म्हणाले, हिला सांभाळ.

"तवर मला कुणी काय सांभाळायला दिलंच न्हवतं गड्या," नाना सांगायचे. "मेंढरं दिली, तीबी बाप मागं उभा राहून."

पाल मेली तर परत मेंढरांमागं. आणि बापाचं खरं ठरणार.

आणि पाल आजारी पडली.

गांडूळ तोंडापुढं धरलं तरी बघेना. कल्ले पुढं वळले. अंग वर तरंगायला लागलं. मग कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं.

मेंढक्याच्या पोराला एकच इलाज ठाऊक. कोकरू गळाटलं की ऊब द्यायची.

नानांनी टाकी उन्हात ओढली. वरनं घोंगडं टाकलं.

दुपारपर्यंत पाल पार गळाटली.

"मारतच हुतो की तिला," हे सांगताना नाना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

टाकी उचलून आत आणली. जागा मिळाली ती माठाखाली, ओल्या फरशीवर. थोड्या वेळानं शेपूट हललं. नानांनी फरशीला हात लावला, मग टाकीला लावला. दोन्ही गार.

तिथं त्यांना कळलं. हे जनावर कोकराच्या उलटं आहे. ह्याला गारवा पाहिजे.

माठाला गुंडाळतात तसं टाकीला ओलं पोतं गुंडाळलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, ते बंद केलं. शेजारच्या आडाचं पाणी आणून थोडं थोडं बदललं. पाल खाली बसली. पण कापूस काही जाईना.

शेजाऱ्यांकडं सरांचा ट्रंक कॉल आला. नानांनी सगळं सांगितलं, उन्हात ठेवल्याचं पण. सरांनी कापूस कसा दिसतो ते विचारलं. मग म्हणाले, ती बुरशी आहे. मिठाचं पाणी करून त्यात ठेव, सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटं. जास्त झालं तर कातडी भाजेल.

नानांकडं घड्याळ कुठलं? आणि दहा मिनिटं गप बसणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

मग त्यांनी मेंढरं आत घेतली.

बापाची मेंढरं दिवस मावळताना वाड्यात शिरायची, एकेक करून. प्रत्येकीची खूण नानांना पाठ. नजर पालीवर आणि मनात कळप. काळतोंडी आली. बांडी आली. तुटक्या कानाची आली. सगळ्यात शेवटी लंगडी. एकदा शेजाऱ्यांच्या घड्याळापुढं उभं राहून मनात सगळी आत घेतली, तर बरोबर दहा मिनिटं झाली.

"लंगडी आत, की पाल भाईर."

रोज तसंच. कापूस गळून गेला. कल्ले परत फुलले. आणि एका सकाळी पालीनं बोटातलं गांडूळ असं हिसकलं की नाना दचकून मागं बसले.

सर आले. टाकीपुढं उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चहा ठेव. दोघांचा."

चार दिवसांत परत येणारा माणूस सर रिटायर होईपर्यंत त्या घरात राहिला.

गावात कळलं तसं माझ्या आज्ज्यानंच नाव पाडलं, पालीचा डॉक्टर. चिडवायला. नाना कधी चिडले नाहीत. लग्नाकार्यात नवीन पाहुणा दिसला की स्वतःच पुढं व्हायचे. "मी डॉक्टर. पालीचा."

माझं पण नानांसारखंच. पुणं सोडलं, सुरत सोडली. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना फोन केला. आवं नाना, भट्टीपुढं बसवत न्हाई, येतो परत. वाटलं, समजूत घालतील.

म्हणाले, "तुझ्याकडं मेंढरं हायत का? न्हाईत न्हवं? मग माझी घे."

आणि फोनवर अख्खा कळप पाठ करून घेतला. काळतोंडी. बांडी. तुटक्या कानाची.

तेव्हापासून सोनं वितळेपर्यंत मी मेंढरं आत घेतो. शेजारचा कारागीर विचारतो, ओठ काय हलवतोस रं.

रविवारी घरातली बाहेरगावची सगळी पोरं नानांना फोन करायची. माझा नेहमी शेवटी. उचलला की नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आली का लंगडी?"

आज पण भट्टीपुढं मेंढरं घेतली. सगळी आत आली. लंगडीपाशी अडलो.

मालकानं सुट्टी दिलीय. संध्याकाळची गाडी आहे. मातीला पोचणार नाही, मीच घरी सांगितलं थांबू नका म्हणून.

कुणी विचारलं कोण गेलं, तर सांगणार आहे. आमचे डॉक्टर गेले.

नाना, वाड्याचं तोंड उघडं ठेवा.

लंगडी निघालीय.