दुसऱ्या हिश्श्याचं पेमेंट

मी अकाउंट्सवाली बाई. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हिशोब जुळला नाही की कुठेतरी कुणाची तरी चूक असते, एवढंच मला माहीत. पण हा हिशोब जुळतो... आणि म्हणूनच लिहितेय.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमचं ऑफिस आहे. आजारी माणसांना लागणारं सामान आम्ही ऑनलाइन विकतो — वॉकर, व्हीलचेअर, हवेच्या गाद्या. पेमेंट दोघांत वाटून करता येतं. अर्धं ऑर्डर देणाऱ्याने भरायचं, बाकीची लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर जाते. त्याने दोन दिवसांत भरलं नाही तर ऑर्डर रद्द, पहिल्याचे पैसे परत.

गेल्या वर्षी खारी गावातल्या हिराबाईंनी गादी मागवली. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला, पाठीला जखमा झालेल्या. ॲपने दुसरा नंबर मागितला तेव्हा त्यांनी मुलाचा, नितेशचा टाकला. बापाशी भांडून तो घर सोडून गेला त्याला कित्येक वर्षं झाली होती. नंबरही तेव्हापासून बंद.

"दुसरा नंबर मना पाठच न्हाय," त्या नंतर मला म्हणाल्या.

ऑर्डर दिली त्याच दुपारी दुसरा हिस्सा भरला गेला. नाव नितेशचं. खाली मेसेज — 'आये, बाबाला कुशीवर निजव.'

दुसऱ्या दिवशी हिराबाई ऑफिसात हजर. "माजा पोर हाय ना? कुठं हाय तेवढं सांग, बाय."

मी नंबर लावला. अस्तित्वातच नाही. पेमेंट कंपनीला विचारलं, तर त्यांच्याकडे एकच व्यवहार, हिराबाईंचा. दुसरी लिंक कुणी उघडलीच नव्हती! पण आमच्या बँकेत पूर्ण रक्कम जमा. बँकेत जाऊन बसले. "मॅडम, पैसे कुठून आले ते दिसत नाही," एवढंच उत्तर. हिराबाईंसोबत पोलिसांतही गेले. कुठली बँक, कुठला फोन, काहीच सांगता येईना. परत आलो.

आमचे शेठ म्हणाले, "टॅली हो रहा है ना? फिर छोडो."

गादी पोचली. हिराबाई नवऱ्याला कुशीवर वळवताना दर वेळी सांगायच्या, पोराचा निरोप आलाय. नवऱ्याची वाचा गेलेली, नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं म्हणे. पावसाळ्याआधीच तो गेला.

हिराबाई अजून ऑर्डर देतात. कधी काठी, कधी वॉकर. अर्धे पैसे भरतात, दुसरा नंबर तोच. दोन दिवस माझ्या स्क्रीनवर 'पेंडिंग'... मग रद्द.

एकदा न राहवून मी फोन केला. "काकी, नका करू आता."

"तुजं काय जातं? पैसं परत येतात ना," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी पैसे कुठून आले, मला आजही ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी या लाइनमधलं असेल तर सांगा... आत्ताही त्यांची एक ऑर्डर पेंडिंग आहे. उद्या रद्द होईल.