गफूर मिस्त्रीचा बल्ब

गफूर मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी अकरावीच्या बॅचला विद्युतधारा शिकवत होतो. क्लासच्या शिपायाने दार ढकलून तिथूनच सांगितलं, "सर, नांदेड रोडवरचे ते गाड्यांची वायरिंग करणारे गफूरभाई, सकाळी वारले म्हणं." माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहून टाकतो, कारण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. मला वाटलं, सुटलो! मग फळ्याकडे तोंड करून अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं. याला आता दीड महिना झाला. मध्ये गॅरेजवाल्यांनी शोकसभा घेतली. तिथे लोक त्याला मनमिळाऊ, गोड बोलणारा, हसतमुख वगैरे म्हणाले आणि माझं डोकं तडकलं. गफूर मनमिळाऊ? अख्ख्या लातुरात एवढा तुसडा माणूस दुसरा नव्हता. आवडलं नाही की गिऱ्हाइकाच्या अंगावर गाडीची किल्ली फेकायचा. कुठलीही गाडी आली की नमस्कार-चमत्कार नाही, काय बिघडलं हेही नाही, पहिला प्रश्न एकच… "शेवटी हात कुणाचा लागला?" या प्रश्नाचं खरं उत्तर मिळाल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. उत्तर खोटं वाटलं की म्हणायचा, "मंग त्यालाच बोलवा."

आमची गाठ पडली ती एका बसमुळे. भूकंपात गावाकडचं आमचं घर बसलं. दगडमातीच्या भिंतीखाली आई दुपारपर्यंत काळोखात अडकून होती. लोकांनी तिला जिवंत काढलं, वडिलांना नाही. मी तिला लातूरला आणलं, पण माझ्या स्लॅबच्या घरात ती पाऊल टाकेना. त्याच सुमारास मदतीला आलेल्या एका पथकाने मागे सोडलेली बस नांदेडच्या भंगारवाल्याकडे उभी होती. आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटा पंखा, बॅटरीवरचे दिवे… चाकांवरचं घरच ते. मी ती ओढून आणली आणि घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली. आईने बाहेरून एक फेरी मारली, चाकांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे हालायसाठीच केलेलं हाय. हाललं तरी पडत न्हाई." आणि ती आत राहायला गेली. तिची अट एकच होती, दिवा विझता कामा नये. काळोख झाला की तिला पुन्हा भिंतीखाली असल्यासारखं व्हायचं, ती ओरडत सुटायची. घरची वीज असेपर्यंत ट्यूब चालायची. वीज गेली की बॅटरीवरचे दिवे लागायला हवेत, आणि लातुरात वीज जाणं म्हणजे रोजचंच.

दिवे लागायचे, पण पंखा सुरू केला की मिणमिणायचे आणि विझायचे. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. मीटर लावला, बॅटरी भरलेली दाखवत होती. तरी बॅटरी बदलली. परत तेच. शेवटी नाक मुठीत धरून गफूरला बोलावलं. त्याने माझा मीटर बाजूला सारला आणि पिशवीतून ट्रकच्या हेडलाइटचा एक बल्ब काढला. बल्बला दोन वायरी डागलेल्या, बस. मी म्हणालो, "मिस्त्री, मीटरवर आकडा दिसतोय की." तो म्हणाला, "बाजारात उभा बैल कुणालाबी दणकट वाटतो, सर. नांगराला जुपा, मंग बोला." बॅटरीच्या दोन टोकांवर बल्ब लख्ख पेटला. मग त्याने एक वायर बॅटरीच्या धन टोकावरच ठेवली आणि दुसरी बसच्या लोखंडी सांगाड्याला टेकवली. बल्ब तांबडा पडला. "बॅटरी चांगली हाय. हिचा परतीचा रस्ता बंद हाय," असं म्हणून तो बसखाली शिरला. बॅटरीची ऋण वायर जिथे सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती तिथे गंज धरला होता. त्याने ती जागा चांदीसारखी घासली, वायर आवळली, आणि बाहेर येऊन घरी शिकवणीला आलेल्या चार पोरांसमोर म्हणाला, "पोरांला काय शिकवून राहिले तुमी?" पोरं हसली. ते हसू मी विसरलो नाही. आई मात्र त्याच्यावर खूश. "गफूर, माझ्या लेकासारखा आलास रे," म्हणायची. त्याचाही मला रागच आला.

दोन वर्षं दिवे नीट चालले. मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजायचं असतं. मी बस धुतली आणि हौसेने निळा ऑइलपेंट आणला. खाली वाकलो तेव्हा तो बोल्ट दिसला. परत गंजायला नको म्हणून मी वायर सोडवली, त्या घासलेल्या जागेवर दोन हात जाड रंग दिला, आणि रंग वाळल्यावर त्यावर वायर आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही हे मी दर वर्षी शेकडो पोरांना सांगत होतो… पण त्या दिवशी मी शिकवत नव्हतो, पूजा करत होतो. सणासुदीत पंधरा दिवस वीज गेलीच नव्हती; मग एका दिवेलागणीला ती गेली, बसमधले दिवे लागून विझले, आई ओरडत दाराकडे धावली आणि पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. गल्ली जमा झाली, आणि सगळ्यांसमोर मी ओरडलो, "त्या गफूरने वायरिंगचं वाटोळं केलं!" तोवर बोल्टची आठवण मला झाली नव्हती, एवढं खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता आला. दवाखान्याच्या स्लॅबखाली राहायला आई तयार नव्हती, म्हणून ती बसमध्येच पलंगावर पडलेली, दार उघडं. त्याने विचारलं, "शेवटी हात कुणाचा लागला?" त्याच क्षणी मला निळा रंग आठवला. मी म्हणालो, "तुमच्यानंतर कुणाचाच नाही." त्याने बल्ब लावला. बॅटरीवर लख्ख, सांगाड्यावर तांबडा. मग तो खाली शिरला आणि बराच वेळ चाकूने खरडत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांवर निळे पोपडे होते. त्याने ती बोटं माझ्यासमोर धरली. एवढ्या-तेवढ्यावरून शिव्या घालणारा माणूस, मला वाटलं आता गल्ली गोळा करणार. तेवढ्यात आतून आई कण्हत म्हणाली, "तुझ्या हातानं असं कसं झालं रे, गफूर?" तो म्हणाला, "व्हतं, माय. चुकलो मी."

फाटकाशी मी काहीतरी बोलायला गेलो तर त्याने हात झटकला. "उपकार समजू नका. मी घडीभराचा. दिवसरात तिच्याजवळ तुमी ऱ्हाणार. तुमच्यावरचा भरवसा गेला तर ती झोपंल का? माझ्या दुकानाकडं फिरकू नका. तिच्या लाइटीसाठी मी येईन, तुमच्यासाठी न्हाई." तसा तो आला. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आई जिवंत असेपर्यंत, न चुकता. माझ्याशी एक शब्द नाही. आई त्याला दर वेळी म्हणायची, "नीट बघ बाबा, मागच्यासारखं करू नको." तो म्हणायचा, "हाव, माय." मी शेजारी उभा असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. आईने त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि तशीच ती गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण लातुरात क्लासेसचं पीक आलं, मी नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला, आणि हॉल भरायचे तर पोरांना हसवावं लागतं. परिपथ शिकवताना मी दर वर्षी एका अडाणी मिस्त्र्याची गोष्ट सांगायचो. त्याने रंगावरच वायर आवळली हो! हॉल हसून लोटपोट व्हायचा. नाव घेत नसे, एवढाच काय तो सभ्यपणा. एका वर्षी गफूरची मुलगी शबाना तिसऱ्या बाकावर होती. हजेरीत तिचं नाव मी रोज वाचायचो, तरी गोष्ट सांगितली. ती हसली नाही, वहीत बघत राहिली. आई तेव्हा होती, आणि त्या दसऱ्यालाही गफूर आला होता.

परवा शबाना घरी आली. आता ती मुदखेडला शाळेत विज्ञान शिकवते. तिने टेबलावर तो बल्ब ठेवला. वायरी त्याच, डाग नवा दिलेला. म्हणाली, "अब्बा म्हणाले होते, सरांना दे. आकड्यावर जाऊ नका म्हणावं." मी बल्ब हातात घेतला. ती उभीच होती. मग शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या दुकानात रंग कधीच नव्हता. शेवटी हात कुणाचा लागला होता?"

मी तिला विचारलं, "चहा घेणार का?"

ती नको म्हणाली आणि गेली. बस अजून तिथेच उभी आहे, आत कुणी राहत नाही. काल संध्याकाळी मी भरलेली बॅटरी आणून जोडली, बल्बची एक वायर धन टोकाला लावली, दुसरी त्या बोल्टशेजारच्या सांगाड्याला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. इतक्या वर्षांनीही त्याने घासलेली जागा धड आहे. सोमवारी नव्या बॅचला परिपथाचा धडा आहे, तेव्हा हा बल्ब वर्गात नेणार आहे आणि गोष्ट नावानिशी सांगणार आहे. त्याआधी शबानाला, आणि आई पडली त्या संध्याकाळी जमलेल्या आमच्या गल्लीला, उत्तर इथेच देतो.

माझा.