उलटे तीन फेरे

मला कुत्र्यांचा लळा वगैरे काही नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मला उगाच दयाळू समजतात. ढोरदवाखान्यात मी गेले होते ती भांडायला.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. आमच्या गावात एक बाजार, एक शाळा, एक ढोरदवाखाना आणि चहूकडे जंगल. मी शाळेत मास्तरीण. शाळा आणि दवाखाना यांच्यात एकच भिंत. अलीकडे माझा पाढ्यांचा वर्ग, पलीकडे शेडात कुत्री. पोरांनी ‘सात साते’ म्हटलं की एकोणपन्नासच्या आधी भुंकणं सुरू! एक दिवस शेवटच्या तासाला माझं डोकं फिरलं. खडू आपटला आणि तरातरा पलीकडे गेले.

दवाखान्याचे कंपाउंडर एका कुत्रीच्या पायाला बांबूच्या पट्ट्या बांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “बाई, जरा इथी धरता का?” मी धरलं. अर्ध्या तासानं घरी निघाले तेव्हा ती तांबूस कुत्री माझ्या काखेत होती आणि भांडण तसंच राहून गेलं होतं.

भानगड अशी होती. दरवर्षी उन्हाळा तोंडावर आला की गावात दवंडी फिरायची. पिसाळण्याची भीती असते म्हणून अमुक दिवशी बंदूकवाले येणार आणि गावात मोकळं फिरणारं कुत्रं दिसलं की मारणार. कंपाउंडरभाऊ त्याच्या आधी जमतील तेवढी कुत्री शेडात गोळा करत. बुधवारच्या बाजाराला जंगलातल्या गावांतून बैलगाड्या येत. त्या लोकांना कुत्री हवीच असत, कारण धानात रानडुकरं घुसत. एकेक कुत्रं असं मार्गी लागे. पण जी आजारी किंवा मोडकी असत ती कोण नेणार? ती बरी होईपर्यंत गावातल्या दोन-चार घरांत ठेवायची. त्यातलं एक घर आता माझं झालं होतं, मला न विचारता.

“पेज पाजा, पट्टी बदला, काई बी करा,” भाऊंनी बजावलं, “पण चुलीभवती तेवढं फिरवू नका.”

आमच्या भागातली ती रीतच. नवी कोंबडी असो, मांजर असो, घरात आणलं की चुलीभोवती तीन फेरे द्यायचे. मग ते जनावर घर सोडत नाही आणि दुसरीकडे दिलं तरी परत येतं, असं म्हणतात. मी हसले. मी नागपूरची, शिकलेली, पोरांना शास्त्र शिकवणारी. घरी येऊन सासूबाईंना मात्र ताकीद दिली, कारण त्यांचा काही नेम नव्हता.

कुत्री गुणी निघाली. गाडीच्या चाकाखाली आलेला तिचा पाय तीन आठवड्यांत जुळला. मग तिला रोज थोडं चालवायचं होतं. मी शाळेतून आले की चालवायची. माझ्या चपलांचा आवाज ऐकला की ती शेपटीनं जमीन झाडायची. माझे मालक जंगलखात्यात, कायम दौऱ्यावर. आठवड्यातून एकदा येत तेव्हा ती त्यांना उंबरठा ओलांडू देत नसे. “ही एक ठेवली तेवढं पुरे, आता दुसरं कुत्रं आणू नको,” ते बाहेरूनच ओरडत.

पाय बरा झाल्यावर सहा कोसांवरच्या एका गोंड म्हातारीनं तिला नेलं. म्हातारीचं आधीचं कुत्रं बिबट्यानं उचललं होतं. बुधवारी गाडीमागं बांधून नेली आणि शनिवारी सकाळी कुत्री माझ्या दारात! अंगभर काटे, जीभ बाहेर. पुढच्या बुधवारी म्हातारीनं दोर जाड आणला. शनिवारी कुत्री पुन्हा हजर, गळ्यात कुरतडलेल्या दोराचं टोक. मधे अख्खं जंगल, वाघाचं. मला इतका आनंद झाला की मी तिला एक चापट मारली.

आनंद कसला? दवंडी होऊन गेली होती. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी बंदूकवाले येणार होते. “बाई, आता तिसऱ्यांदा आली त वेशीवरच गोळी खाईन,” भाऊ म्हणाले.

“मग मीच ठेवते तिला. दारात बांधून.”

“ठेवा ना. मंग तो पाय तुटलेला काळा कुठी ठेवू? शेडात चौदा हायत. तुमच्या घरची एकच जागा हाय.”

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. घरी येऊन तो सासूबाईंवर काढला.

“तुम्हीच फिरवली ना हिला चुलीभोवती? सांगितलं होतं ना मी?”

“मी काऊन फिरवीन वं?” त्या तांदूळ निवडायच्या थांबल्या. “तूच त फिरवून राह्यली होतीस! शाळेतून आली का कुत्रीले घेऊन चुलीभवती, चुलीभवती. मी म्हटलं शिकलेली बाई हाय, काई औषधाचं असन.”

मी चुलीकडे पाहिलं. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. त्यात कुत्री जाऊ नये म्हणून मी तिला सैपाकघरात चालवत होते आणि चूल होती मधोमध. तीन कसले, तीनशे फेरे झाले असतील!

पुढच्या बुधवारी म्हातारी आली तेव्हा सासूबाईंनी तिला सगळं रंगवून सांगितलं. म्हातारी पोट धरून हसली. मग कुत्रीला गोंडीत काहीतरी म्हणाली, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. मला म्हणाली, “जिनं बांधलं तिनंच सोडावं. उलटे तीन फेरे घाल, मास्तरीणबाई.”

“मी असलं काही मानत नाही.”

“नको मानू. घाल.”

घातले. शास्त्र गेलं चुलीत. पहिला फेरा तणतणत घातला, दुसरा मुकाट्यानं. तिसऱ्याला पाय उचलेना. कुत्रीला वाटलं रोजचंच चालणं आहे, ती आनंदानं पुढं ओढत होती. म्हातारी दारात दोर घेऊन उभी होती. काळा कुत्रा भाऊंनी त्याच दुपारी आणून सोडला.

शनिवारी मी तीनदा वेशीपर्यंत जाऊन आले. रविवारी पण. ती आली नाही. सोमवारी वर्ग चालू असताना बंदुकीचे आवाज आले. पोरं खिडकीशी धावली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडले नाही. सुट्टी झाल्यावर सगळं गाव फिरून पाहिलं. मेलेल्यांत तांबूस एकही नव्हतं. मनानं इतकी हलकी मी पुन्हा कधी झाले नाही.

त्यानंतरच्या बुधवारी बाजारात म्हातारीची गाडी दिसली. गाडीखाली, चाकांच्या मधे, ती बसली होती. दोर नाही, काही नाही. मला पाहून उठली, धावत आली, हात चाटला, अंगावर चढली. मी तिला तिथंच धुळीत बसून कुरवाळलं. लोक बघत होते, बघू देत. मग म्हातारीनं बैल जुंपले. कुत्रीनं कान टवकारले, माझ्या हाताखालून निसटली आणि गाडीखाली जाऊन चालू लागली.

घरी आले ती दार आपटूनच.

“काय झालं वं?” सासूबाईंनी विचारलं. “बरी नाई का ते?”

“चांगली धडधाकट आहे,” म्हटलं आणि मला रडू फुटलं.

“त मंग रडतेस काऊन?”

“मेलीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.”