कासवाला अरे, नवऱ्याला अहो

माणसाला शेजाऱ्याच्या गाडीचा मत्सर वाटतो, मेहुण्याच्या डोक्यावर टिकलेल्या केसांचा वाटतो. कवळीकाकांना मात्र वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मत्सर वाटू लागला तो तळहाताएवढ्या कासवाचा. तो इतका कडकडून वाटायचा की त्यांची त्यांनाच लाज यायची. लाज आल्यानं तो कमी मात्र झाला नाही.

काकांचं खरं नाव बिलावरच उरलं होतं. शहरातले चार दंतवैद्य हिरड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवत, आणि काका घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून मेणात दात लावत, गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरत आणि कवळी चाकावर घासून अशी चकचकीत करत की खऱ्या हिरडीला कमीपणा वाटावा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण काकांचं दातांवरच भरलं होतं.

काकू टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. सगळ्या गावाला एकमेकांशी बोलतं करून निवृत्त झाल्या तेव्हा म्हणाल्या, आता मला कोणाशी बोलायला लावू नका. मग घरात 'अहो, जेवायला' आणि 'अहो, गॅस बंद करा' एवढंच बोलणं उरलं. काकांची तक्रार नव्हती. आपली बायको मितभाषी आहे या समजुतीवर त्यांचा छत्तीस वर्षांचा संसार सुखात झाला होता.

मग वरच्या मजल्यावरची शेजारीण बदली होऊन गेली आणि जाताना कासव काकूंच्या ओटीत टाकून गेली. आठवड्यात काकांना कळलं की बायको मितभाषी वगैरे काही नव्हती. सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचं. अरे, उठलास का रे? झोप लागली का? पाणी गार तर नाही ना वाटत माझ्या राजाला?

काका पलंगावर पडून ऐकायचे. छत्तीस वर्षांत झोप लागली का असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि त्याहून झोंबला तो 'अरे'. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी लाजत लाजत सुचवलं होतं की, एकटे असताना तू मला नुसतं अरे म्हण. काकू हसून म्हणाल्या होत्या, जीभच वळत नाही हो. आता काय सुरेख वळत होती! कासव उत्तर देत नव्हतं, तेवढाच काय तो त्याचा गुण.

त्यात त्याचे नखरे. पाणी कोमट हवं म्हणून टबात थर्मामीटर आला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून गुरगुरणारा फिल्टर आला. बाहेर येऊन अंग वाळवायला वीट, विटेवर ऊब द्यायला दिवा, आणि कवच मऊ पडू नये म्हणून वेगळ्या प्रकाशाचा दुसरा दिवा. काचेतून आलेलं ऊन त्याच्या उपयोगाचं नाही असं काकूंनी कुठेतरी वाचलं, म्हणून टब उघडत्या खिडकीशी आला. तिथे काकांची खुर्ची असायची. ती बाथरूमच्या दाराशी गेली. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, आयत्या खिडकीवरचा कासवोबा मात्र काका घरातच बघत होते.

एका दुपारी काकू बहिणीकडे गेल्या. काकांनी टब उचलून गॅलरीत ठेवला आणि खुर्ची खिडकीशी आणून पेपर उघडला. गॅलरीत खरं ऊन आहे, त्याच्याच भल्याचं आहे, असं स्वतःला सांगितलंही. टब हलवताना वीट कडेला सरकली होती, हे त्यांनी पाहिलं नाही. कासव विटेवर चढलं, विटेवरून कडेवर, आणि गॅलरीच्या गजांमधून थेट खाली अंगणातल्या फरशीवर. पेपर पहिल्या पानावरच राहिला.

काका घाबरून खाली धावले. कवचाला आडवी भेग गेली होती. पण कासव हातात घेतलं आणि बोटांना एकदम ओळखीचं काहीतरी लागलं. भेग म्हणजे भेग. तुटक्या कवळ्या त्यांनी हजारोंनी जोडल्या होत्या. त्यांनी ती धुतली, पुसली, गुलाबी अ‍ॅक्रिलिक कालवून बोटानं दाबून बसवलं, घट्ट झाल्यावर कापडी चाकावर हलकं फिरवलं. काम इतकं साफ झालं की भीतीच्या खालून हळूच अभिमान डोकं वर काढू लागला. आता तरी ही आपल्याकडे बघेल, असं त्यांना वाटलं.

काकू आल्या तेव्हा काकांनी एवढंच सांगितलं की ते पडलं आणि मी जोडलं. काकूंनी ते चमकणारं गुलाबी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. कासवाला छातीशी धरून त्या म्हणाल्या, "बघ रे, यांनी किती छान केलंय."

म्हणजे छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली शाबासकीही कासवालाच सांगितली गेली.

चौथ्या दिवशी कासवानं खाणं सोडलं. पाचव्या दिवशी टबापाशी वास आला, आणि काकूंच्या आधी तो काकांनी ओळखला. न काढता महिनोन् महिने घातलेल्या कवळीखालून तो वास येतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जनावरांच्या डॉक्टरांनी कासव उलटंसुलटं करून पाहिलं. जखम आत बंद केली, ती कुजतेय, म्हणाले. ती मोकळी ठेवायची असते. रोज धुवायची, अंग कोरडं आणि उबेत ठेवायचं, खाण्यापिण्यापुरतं तासभर स्वच्छ कोमट पाण्यात सोडायचं, बस. मग त्यांनी गुलाबीवर नख वाजवलं. काम कोणाचं आहे, सुरेख आहे. कामाची स्तुती ऐकून काकांना घाम फुटला. डॉक्टर म्हणाले की ज्यानं बसवलं त्यानंच उद्या आपलं बारीक यंत्र आणून काढावं. वाचलं तर उद्या वाचेल.

घरी येताना काकू वळणावर थांबून म्हणाल्या, "ते गॅलरीत कसं गेलं?"

"मी ठेवलं. मला माझी खुर्ची हवी होती." काका रस्त्याकडे बघत होते. "आणि तू त्याला अरे म्हणतेस."

काकूंना हे दुसरं आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. मग चालू लागल्या. रात्रीच्या जेवणाला 'अहो, जेवायला' हेसुद्धा आलं नाही. नुसतं ताट वाजलं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी कासवाला दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. काकूंनी ते टॉवेलात धरलं. काकांनी यंत्र सुरू केलं, पण ते कवचाला टेकवेना. जन्मभर त्यांनी कवळ्या घासल्या होत्या, पण कवळीला कळ येत नाही. त्यांना कासवाचा राग यायचा, तो आता शोधूनही सापडेना. त्यांनी थेंबभर पाणी टाकलं, जरा घासलं, थांबले, पुन्हा घासलं. गुलाबी भुगा काकूंच्या बोटांवर पडत होता. एक तुकडा सुटला. खाली ओली, काळपट जखम दिसली, आणि कासवानं पाय आत ओढून घेतला. जीव होता. काकांचा हात घाईला आला.

"हळू रे," काकू म्हणाल्या.

सवयीनं काकांचा मत्सर जागा झाला. आताही त्यालाच. मग त्यांचं लक्ष टॉवेलाकडे गेलं. कासव मुळीच हलत नव्हतं. आणि कासवाला 'हळू' असं जगात कोणी सांगत नाही.

काकांनी मान वर केली नाही. "हो," एवढंच म्हणाले, आणि हात हळू केला.