तिसऱ्या सेटमधली पहिली

गणितात मी तिसऱ्या सेटमध्ये पहिली आले म्हणून माझ्या आईबाबांनी पेढे वाटले. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. मी काढते. लाज वाटायचीच असेल तर ती शाळेला वाटायला हवी होती, आम्हाला नाही.

पुण्याहून ब्रॅकनेलला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. दोन हजारचं दशक नुकतं सुरू झालेलं. बाबा एका सॉफ्टवेअर कंपनीत वर्क परमिटवर होते. आमचं भाड्याचं घर ज्या वस्तीत होतं ती युद्धानंतर लंडनमधून बाहेर पडलेल्या लोकांसाठी बांधलेली. विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा, मागे गॅरेजं, मधे हिरवळीचा चौकोन आणि त्यावर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी लोखंडी पाटी. आम्ही तिचाच स्टंप करायचो. शाळाही त्याच काळातली. सपाट छप्पर, भिंतीएवढ्या खिडक्या. पाऊस लागला की केअरटेकर कॉरिडॉरमध्ये बादल्या मांडायचा आणि आम्ही त्या चुकवत वर्गात जायचो. रेल्वेलाइनच्या पलीकडे मोठी घरं होती, दोन-दोन गाड्यांची. तिकडची मुलंही आमच्याच शाळेत यायची, पण वर्गात ती फारशी दिसायची नाहीत. ती कुठे असतात हे मला दीड वर्षानं कळलं.

पहिल्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंनी टाइमटेबल हातात दिलं. गणितापुढे तीनचा आकडा होता.

“तीन म्हणजे काय गं?” आईनं विचारलं.

“तुकडी असेल.”

दुसरं काय असणार? पुण्यात मी ‘क’ तुकडीत होते आणि ‘क’ तुकडीतूनच अख्ख्या शाळेत दुसरी आले होते. आमच्याकडे तुकडी म्हणजे नुसती तुकडी, हुशार मुलं सगळ्यांत सारखी वाटलेली. इथे गणिताचे पाच सेट होते आणि मुलं वरून खाली लावलेली होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. माझी परीक्षाही कुणी घेतली नाही. परदेशातून आलेलं मूल मधल्या सेटमध्ये टाकायचं, अशी तिथली पद्धत होती.

तिसऱ्या सेटमध्ये माझ्या शेजारी आमच्याच रांगेतली, दोन घरं सोडून राहणारी एक मुलगी बसायची. तिचे आजोबा ही वस्ती बांधायला गवंडी म्हणून आले आणि इथेच राहिले. ती तोंडानं फटकळ, डोक्यानं तल्लख. वर्गात जी गणितं चालायची ती मी पुण्यात सहावीत संपवली होती, त्यामुळे आम्ही दोघी दहा मिनिटांत पान संपवून उरलेला वेळ क्रिस्प्स, म्हणजे आपले वेफर्स, खात बसायचो. बाई खूश होत्या. आम्ही त्रास देत नव्हतो.

नववीच्या वर्षी डिसेंबरात पालकसभा झाली. हॉलमध्ये छोटी टेबलं, प्रत्येक पालकाला पाच मिनिटं. बाईंनी हसत हसत सांगितलं की तुमची मुलगी गोड आहे, अजिबात काळजी नको, ग्रुपमध्ये पहिली आहे. बाबांनी दोनदा विचारलं, “पहिली?” बाई म्हणाल्या, “अगदी सहज.” घरी जाताना बाबा अंडरपासमध्ये शीळ घालत चालले होते. ते शीळ घालतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

जानेवारीत रीडिंगला एका चर्चच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. आईनं मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे मायक्रोवेव्हमध्ये केले, तिळगुळाच्या डब्याशेजारी तो डबा ठेवला आणि येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटली. “मुलगी पहिली आली हो गणितात.”

एक काकू होत्या, दहा-बारा वर्षं रीडिंगला राहिलेल्या, दोन मुलं प्रवेशपरीक्षा देऊन ग्रामर स्कूलमध्ये गेलेली. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, “सेट कुठला?”

“तिसरा,” आई म्हणाली. अभिमानानं म्हणाली.

काकूंनी उरलेला अर्धा पेढा बोटांत तसाच धरला. “अहो, मग पेढे कसले वाटताय? तिसऱ्या सेटला वरचा पेपर देतच नाहीत. सगळं बरोबर आलं तरी बीच्या वर ग्रेड नाही मिळायची. तुम्हाला कुणी बोललं नाही?”

तेव्हा जीसीएसईला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेला, गणिताचे तीन वेगवेगळे पेपर असत. वरचा पेपर दिला तर ए-स्टारपर्यंत जाता येई. मधल्याला बीवर झाकण. वरचा पेपर फक्त पहिल्या दोन सेटना, आणि नववी संपली की सेट कायमचे. म्हणजे माझ्या हातात जेमतेम सहा महिने होते. हे सगळं काकूंनी बायकांच्या घोळक्यात, ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. माझ्या आईनं डब्याचं झाकण लावलं. डब्यात निम्मे पेढे शिल्लक होते.

गाडीत बाबा म्हणाले, “शाळेला कळतं कुणाला कुठं टाकायचं ते.”

“त्यांनी परीक्षाच घेतली नाही, बाबा.”

“हे बघ, पर्मनंट रेसिडेन्सीचं होईपर्यंत कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. दीड वर्ष राहिलंय.”

“तोवर माझी नववी संपते.”

बाबांनी रेडिओ लावला. शाळेनं तक्रार केली म्हणून कुणाचा व्हिसा गेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पण त्यांची भीती खरी होती, आणि मला तिचाच जास्त राग आला.

सोमवारी मी गणित विभागाच्या प्रमुख सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. उंच, सभ्य माणूस, हातात सँडविच.

“सेटचा विचार आम्ही उन्हाळ्यात करतो.”

“उन्हाळ्यात सेट पक्के होतात, सर.”

“पण तू तिथे पहिली आहेस ना? खूश आहेस ना?”

“नाही.”

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. “खरं सांगू? जागाच नाही. पहिल्या सेटच्या खोलीत तीस मुलं, तीस खुर्च्या. तिथे तुला बसवू कुठे?”

दुपारच्या सुट्टीत मी जाऊन खुर्च्या मोजल्या. तीसच होत्या. सर खोटं बोलत नव्हते. पण मागच्या भिंतीशी दीड टेबलाची जागा रिकामी होती, आणि ती त्यांनी सांगितली नव्हती. आज माझं टाइल्सचं गोदाम आहे, दिवसभर बिल्डर लोकांशी घासाघीस चालते. ‘जागा नाही’, ‘माल नाही’, ‘कालच संपला’ हे ऐकलं की मी अजूनही आधी आत जाऊन बघते.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी डायनिंग हॉलमधली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली. पहिल्या सेटची खोली मैदानापलीकडच्या इमारतीत होती. ओल्या गवतातून खुर्ची डोक्यावर घेऊन निघाले तर आमच्या सेटच्या दारात ती शेजारीण उभी.

“कुठे चाललीस? पिकनिकला?”

“पहिल्या सेटला.”

“वेडी आहेस का? आपल्या बाजूची मुलं तिकडे नसतात.”

“का नसतात?”

“नसतात म्हणजे नसतात.” मग माझ्या मागून ओरडली, “आणि परत आलीस तर तुझी जागा मी देणार नाही हां!” पण मैदानापलीकडचं जड दार मला एका हातानं उघडेना, तेव्हा धावत येऊन तिनंच ते धरलं.

मी आत गेले, भिंतीशी खुर्ची ठेवली, बसले. लाइनीपलीकडची सगळी तोंडं एकदम वळली. तो सेट शिकवणारे तेच प्रमुख सर फळ्याकडून फिरले.

“हे काय?”

“खुर्ची नाही म्हणाला होतात. मी आणली.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मला बाहेर काढलं आणि बाबांच्या ऑफिसात फोन गेला.

दोन दिवसांनी आम्ही तिघं सरांसमोर बसलो. बाबा सूट घालून आले होते. बसायच्या आत त्यांचं दोनदा सॉरी म्हणून झालं. सरांनी शिस्तीबद्दल, योग्य मार्गाबद्दल सांगितलं. बाबा मान हलवत होते. 

आईचं इंग्रजी तेव्हा दुकानापुरतं होतं. ती इतका वेळ पर्स मांडीवर धरून गप्प होती. अचानक म्हणाली, “पेपर प्लीज.”

“सॉरी?”

“थर्ड सेट. व्हिच टेस्ट? शो मी हर पेपर.”

पुण्यात मार्क कमी आले की उत्तरपत्रिका दाखवा म्हणून ती सरळ शाळेत जाऊन उभी राहायची, आणि शाळा दाखवायची. तिच्या दृष्टीनं यात भांडण नव्हतं. मार्क आहेत म्हणजे कागद असणार, आणि कागद आहे म्हणजे तो बघता येणार. सरांनी माझी फाइल उघडली, दोन पानं उलटली, बंद केली.

“तसा एकच पेपर नसतो. आम्ही बऱ्याच गोष्टी बघतो.”

आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “नाहीये ना पेपर?”

“नाहीये.”

“मग आता घ्या म्हणावं.”

मी तेच इंग्रजीत मांडलं. पहिल्या सेटनं गेल्या आठवड्यात जो पेपर दिला तोच मला द्या. त्या सेटमधल्या सगळ्यात खालच्या मुलापेक्षा मला कमी पडले, तर मी परत जाईन आणि पुन्हा नाव काढणार नाही. सरांनी खांदे उडवले, चालेल म्हणाले. सौदा झाला होता. आणि नेमके तेव्हा बाबा, इतका वेळ नुसती मान हलवणारे माझे बाबा, छाती काढून म्हणाले, “खालचा कशाला? पहिल्या दहात आली नाही तर घेऊ नका तिला!”

मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. उशीर झाला होता. सरांनी लिहून घेतलं: पहिले दहा.

घरी मी बाबांवर ओरडले. “समोरचा हो म्हणाला होता! आपणच कशाला भाव चढवायचा?”

“अगं, तू येशीलच की दहात.” ते इतक्या विश्वासानं म्हणाले की मला पुढे ओरडता येईना.

पेपर दिला. त्यातले दोन प्रश्न मी आधी कधी पाहिलेच नव्हते. आमच्या सेटला तो धडाच शिकवत नसत. बाकी सगळं केलं. शुक्रवारी सरांनी बोलावलं.

“चौदावी,” ते म्हणाले. “उत्तम आहे. पण तुझ्या वडिलांनी पहिले दहा म्हटलं होतं.”

“ते बाबांनी म्हटलं होतं. मी सगळ्यात खालच्यापेक्षा जास्त म्हटलं होतं, आणि तुम्ही चालेल म्हणालात.”

“आम्ही पालकांचं धरतो.”

“ठीक आहे. मग माझ्या खाली सतरा जण आहेत, आणि दहाच्या खाली आणखी तिघं. त्या सगळ्यांना तिसऱ्या सेटमध्ये पाठवा. मी त्यांच्याबरोबर जाते.”

त्यांनी मार्कांची यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग पेनचं टोपण लावलं. “घरी पत्र पाठवतो,” म्हणाले.

पुढे मला वरच्या पेपरात ए मिळाली. स्टार नाही. पण शाळेतलं कुणी कधी ‘आमची चूक झाली’ असं म्हणालं नाही. वार्षिक रिपोर्टात लिहिलं, ‘दिलेल्या संधीचं हिनं चीज केलं.’ दिलेल्या! हा शब्द मला वीस वर्षं टोचतोय आणि टोचत राहिलेला बरा. आणखी एक सांगते, कारण दुसऱ्याचे हिशेब काढायचे तर स्वतःचाही काढावा. ती शेजारीण माझ्याइतकीच वेगानं पान संपवायची. तिच्यासाठी कुणी खुर्ची उचलली नाही. मीही नाही. ती बी घेऊन बाहेर पडली आणि गणितात आपली मजल तेवढीच, असं समजत राहिली.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, सरांचं पत्र आलं. दोन अटी होत्या. पहिली, ही जागा ईस्टरपर्यंत चाचणीसाठी. दुसरी, विद्यार्थिनीनं किंवा पालकांनी सेटबद्दलचा विषय शिक्षकांकडे पुन्हा काढू नये. खाली वडिलांच्या सहीसाठी रेघ.

पहिली अट मी लगेच मान्य केली. समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि एकदा बसले की मला तिथून उठवणं सोपं नव्हतं. दुसरीवर मी पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली.

“अगं, अगं!” बाबा उठलेच. “शाळेचं पत्र आहे ते. त्यावर खाडाखोड करतात का?”

“पुन्हा चूक केली तर मी पुन्हा विचारणार. नाही विचारणार असं लिहून कसं देऊ?”

“ते जागा काढून घेतील.”

“घेऊ देत. मग पेपर दाखवा म्हणावं.”

आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “अहो, करा सही.”

बाबांनी पत्र पुढे ओढलं. दोन्ही अटी पहिल्यापासून वाचल्या, ओठ हलवत, व्हिसाचे कागद वाचायचे तसे. नीट, पूर्ण नावानं सही केली. मी पत्र उचलायला हात पुढे केला तर ते म्हणाले, “थांब.” आणि त्यांनी त्या दुसऱ्या अटीवर, माझ्या रेघेच्या वरून, आपली एक रेघ मारली. माझ्यापेक्षा जाड.